शिरा आणि सोयरीक

माझी सोयरीक कशी जमली ते तुम्हाला सांगितलंच न्हाई. निजामाच्या राज्यातली गोष्ट. बाबांना मधुमेह झाल्ता. अंबडच्या हकीमसाहेबांनी गूळ, साखर, भात, मटण बिलकुल बंद करून त्यांना ज्वारीची भाकरी, मेथी अन् कारल्यावर ठेवलं होतं. घरातलं दुखणं बाहेर कळलं तर पोरीला स्थळ येत न्हाई, म्हणून आईनं ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

शहागडचे पाहुणे आले. बोलणी बराबर झाली. मुलाच्या वडिलांनी आपल्या हातानं शिऱ्याची ताटली बाबांपुढं धरली.

"घ्या पाटील, तोंड गोड करा."

बाबांनी हात जोडले. "मला चालत न्हाई."

"काय चालत न्हाई? शिरा का सोयरीक?"

मी दाराआडून बघून राह्यले होते. एक घास खाऊन टाका, असं आईनं आतून खुणावलं. बाबांनी घास उचलला अन् परत ठेवला.

"मला मधुमेह आहे," ते म्हणाले. "पोरगी द्यायची तर खोटं कशाला बोलू?"

मला वाटलं, गेलं स्थळ.

मुलाच्या वडिलांनी ताटली खाली ठेवली अन् हळूच विचारलं, "कारल्याची भाजी खाता, का रस पिता?"

"का हो?"

"मलाबी तेच दुखणं आहे. घरी अजून सांगितलं न्हाई."

त्यांचा थोरला मुलगा शेजारीच बसला होता. "बापू, मंग आत्ता दोन ताटल्या शिरा खाल्ला तो?"

"न्हाई म्हणलो असतो," सासरे म्हणाले, "तर तुझ्या भावाला पोरगी दिली असती का यांनी?"