पक्षकार हजर होती

—नाही हो काका, 'सन्माननीय न्यायालयाच्या सेवेशी' वगैरे तुम्ही झोपेतसुद्धा टाइप कराल, ते तुमचं तुम्ही घाला, पुढचं घ्या. आणि हे ठेवा त्या कागदांवर, तुमचा पंखा नुसता उधळतोय सगळं. काय आहे म्हणजे? काच आहे. जड आहे. कागद दाबायला बरं, एवढंच. किती वाजले? चार दहा. पावणेपाचला अर्जाची खिडकी बंद. म्हणजे पस्तीस मिनिटं — आणि उद्या सकाळी दहाला कोर्टाचा बेलिफ येऊन या मावशींचं सामान रस्त्यावर ठेवणार. मावशी म्हणजे ह्याच की, बाकावर बसल्यात त्या, मांडीवर पिशवी घेऊन. शर्टांना काजं-बटणं करतात. एकोणीस वर्षं त्याच एका खोलीत, खिडकीपाशी मशीन. म्हातारा मालक होता तोवर सगळं सुरळीत. तो गेला, पुतण्या आला, आणि पुतण्याला साक्षात्कार झाला की गाडी लावायला नेमकी हीच खोली पाहिजे. माझी केस एकदम पक्की होती, काका. पावत्या होत्या, साक्षीदार होते. आणि मंगळवारी एकतर्फी हुकूम! खोली खाली करा! का? तर पक्षकार गैरहजर.

समितीमुळं! दुसरं कोण? मोफत कायदेशीर मदत सुधारणा समिती. ज्यांना स्वतःला काही करायचं नसतं ते समिती नेमतात, आणि जी काही करत नाही ती समिती फॉर्म काढते. पूर्वी कसं होतं — गरीब माणूस यायचा, रडायचा, मी पाणी द्यायचे, केस घ्यायचे. झालं. आता आधी फॉर्म. अकरा पानी! पान चारवर काय विचारलंय माहितीय? 'आपण गरीब असल्याचे आपल्या प्रथम केव्हा लक्षात आले?' हसू नका, खरं सांगतेय. आणि शेवटच्या पानावर पाच तोंडं काढलीत, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, त्यावर खूण करायची किती समाधान झालं म्हणून — केस उभी राहायच्या आधीच! परवा एकजण घटस्फोटासाठी आला होता, त्यानं पाचही तोंडांवर खुणा केल्या. म्हणाला, लग्नात ही सगळीच झाली माझी.

आणि वर कार्यशाळा. 'न्याय तुमच्या दारी'. दार कुठं? गावाबाहेरच्या हॉटेलात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. हजेरी सक्तीची, सही करा नाहीतर मोफत मदतीच्या यादीतून नाव कमी. वार कुठला निवडावा? मंगळवार! सुनावण्यांचा वार! म्हणजे बघा, गरिबांचे झाडून सगळे वकील हॉटेलात आणि झाडून सगळे गरीब कोर्टात. याला म्हणायचं सुधारणा. असो. घ्या, लिहा — 'अर्जदार हिची प्रकृती त्या दिवशी सकाळी अचानक बिघडल्याने ती न्यायालयात हजर राहू शकली नाही —' काय? नेहमीचंच म्हणजे? हो, नेहमीचंच! तुम्हीच टाइप करता ना दिवसातून दहा वेळा? या कोर्टात कागदावर जेवढे जुलाब झालेत तेवढे सरकारी दवाखान्यात झाले नसतील. त्या कोपऱ्यातल्या वकिलाची आजी याच वर्षात तीनदा वारली. साहेबही विचारत नाहीत, मुकाट्यानं तारीख देतात. रीतच आहे ती आपली. चला, पुढं — 'सबब एकतर्फी हुकूम रद्द करून —'

थांबलात का? मावशींकडं काय बघताय? हां. मान हलवतायत ना. दोन दिवस हेच चाललंय. सही करत नाहीत! मी परोपरीनं समजावलं, अहो, हा नुसता कागद आहे, तुमचं पोट बिघडलं असं लिहिल्यानं ते बिघडत नाही. तर एकच वाक्य. 'मी तर आले होते, बाई.' पुढं नाही, मागं नाही. खोली चाललीय, मशीन रस्त्यावर यायची वेळ आलीय, आणि ह्यांचं आपलं — मी तर आले होते.

आल्या होत्या, काका. जरा हळू बोलते, तो पलीकडचा टायपिस्ट कान टवकारून बसलाय. नऊ वाजल्यापासून आल्या होत्या. दुसऱ्या बाकावर, अशाच, पिशवी घट्ट धरून. बारा वाजता शिपायानं पुकारा केला. एकदा, दोनदा, तीनदा. ह्यांचंच नाव, ह्यांच्यापासून चार हातांवर उभं राहून. पुतण्या आला नव्हता आणि त्याचा वकील ह्यांना चेहऱ्यानं ओळखत नाही. साहेब म्हणाले, कोणी आहे का ह्यांच्यातर्फे? ह्या गप्प. साहेबांनी म्हणे चष्मा काढला, पुसला, परत घातला — म्हणजे त्यांनीही वाट पाहिली, बघा — आणि ह्या गप्प! मग रोजनाम्यात लिहिलं, गैरहजर. मी संध्याकाळी अक्षरशः ओरडले ह्यांच्यावर. हात तरी वर करायचा, मावशी! खोकायचं तरी! तर म्हणाल्या, तुम्हीच सांगितलं होतंत.

सांगितलं होतं. सगळ्यांनाच सांगते मी, पहिल्याच दिवशी. कोर्टात तोंड उघडायचं नाही, मी येईपर्यंत हूं नाही की चूं नाही. उगाच नाही सांगत. माझा एक रंगारी होता, जिंकत आलेली केस, साहेबांनी सहज विचारलं, काय, बरंय ना? तर पठ्ठ्यानं केलेलं सगळं कबूल केलं, आणि न केलेलंही! तेव्हापासून नियमच केला. आणि बाकी सगळे माझा नियम मोडतात, काका. रडतात, भांडतात, साहेबांच्या अंगावर धावून जातात. एकीनं पाळला. बावीस वर्षांत एकीनं माझा शब्द न् शब्द ऐकला!

कार्यशाळा? ती कशाला मध्ये? ...अकराला संपली. हो, अकराला. बारा म्हणालेच नव्हते मी, तुम्हाला वाटलं असेल. रस्ता वीस मिनिटांचा. कळतं मला, हिशेब मलाही येतो, पोचले असते. पण समितीचे अध्यक्ष यायचे होते ना. त्यांना उशीर झाला, मोठ्या माणसांना होतोच. काहीतरी द्यायचं होतं त्यांच्या हस्ते. एका वकिलाला. — मला, काका. मला! आता कळलं? तेच ते, तुम्ही कागद दाबलेत ना त्यानं. वाचा काय लिहिलंय. मोठ्यानं वाचा की, वाचता येत नाही? 'ज्यांना आवाज नाही त्यांचा आवाज.'

बावीस वर्षांत कोणी साधं बरं म्हटलं नव्हतं हो. नवरा म्हणतो फुकटची वकील, वकिलांच्या बाररूममध्ये मला खुर्ची कोणी सरकवत नाही. वाटलं, घ्यावं एकदा. मंचावर उभं राहावं. फोटोवाल्याला मनासारखा मिळेना, तीन वेळा काढला. म्हणाला, बाई, हसा जरा. मी हसले. बाराच वाजले असतील तेव्हा. इथं शिपाई ओरडत होता आणि मी तिथं दात दाखवत होते. समितीला शिव्या घालतेय दोन दिवस! समितीनं नव्हतं मला धरून ठेवलं.

किती झाले? चार चोवीस. खोडा ते. प्रकृती-बिकृती सगळं खोडा, नाही, नवीन कागदच लावा. लिहा — 'अर्जदार सकाळी नऊपासून न्यायालयात हजर होती. पुकारा झाला तेव्हा वकिलाने दिलेल्या सूचनेनुसार ती गप्प राहिली. अर्जदाराची वकील गैरहजर होती. कारण —' टाइप करा, बघत काय बसलात! यादीतून काढतील? काढू देत. हसतील? आजीला तीनदा मारणारे माझ्यावर हसणार? हसू देत! 'कारण ती त्या वेळी बक्षीस घेत होती.' हो, बक्षीसच. 'अपरिहार्य कारणास्तव' नको, खबरदार भाषा सुधारलीत तर. सुधारणा खूप झाली. काढा कागद.

घ्या मावशी, वाचा. सावकाश वाचा, आहेत अजून अकरा मिनिटं. — बघितलंत काका? पेनसुद्धा मागितलं नाही, स्वतःचं काढलं पिशवीतून. कधीपासून घेऊन बसल्या होत्या कोण जाणे.

काय? हे विसरतेय? राहू द्या तुमच्याकडंच. कागद उडत नाहीत ना त्यानं? मग झालं तर. चला मावशी, उठा. अर्ज तातडीचा आहे, साहेब आजच आत बोलावतील, आणि पहिला प्रश्न मंगळवारचाच विचारतील — कोणी आहे का ह्यांच्यातर्फे? तेव्हा काय सांगाल? अहो, माझ्याकडं कशाला बघता? — अंहं, ऐकू नाही आलं. दारातल्या शिपायापर्यंत गेलं पाहिजे. मी बसते गप्प. बोला.