सखूमावशीचा ओटा

मेळघाटातल्या सफारीचं नाव काढू नोका माह्यापुढं. मांगच्या साली जठारपेठेतले आमचे जावई आले, त्यायनं जीप ठरवली. एक जागा उरली म्हनून शेजारच्या सखूमावशीले बसवलं. तिचं गाव त्याच जंगलात होतं. ते तिथून हलवलं, तवापासून ती आमच्या गावात रायते.

गाइड सारखा बजावून राहिला, "बोलू नोका, खाली उतरू नोका." एका मोकळ्या कुरनापाशी जीप थांबली. चिंचेखाली पडका ओटा, अन् त्याच्यावर हा एवढा मोठा रानगवा बसून रवंथ करून राहिला होता. जावई खूश! धडाधड फोटो.

मावशी म्हने, "हा ओटा माहा आहे."

"हळू बोला मावशी," गाइड म्हने, "बिचकंल तो."

"चिंच बी मीच लावली. आमच्या म्हशीनं जंगल खराब होते म्हने, म्हनून हाकललं आमाले."

जावई हसले, "जा मंग, बसा त्याच्या बाजूले!"

मावशीनं त्यायच्याकडं पाह्यलं बी नाही. गाइडले इचारलं, "भाऊ, याले कोनी हाकलाले येत नाही काय?"

"याले कोन हाकलते मावशी? त्याचंच घर आहे हे."

मावशीनं गव्याले हात जोडले. "बस रे बाबा," म्हने, "ओट्यावर कोनी तरी बसलेलं पाह्यजे."

त्याच्यानंतर गेट येईपर्यंत गाइडले कोनालेच चूप बसा म्हनावं लागलं नाही.