शेवग्याची पावडर

‘माझ्या शेवग्याच्या पावडरच्या जाहिरातीत “मामांची शुगर बरी झाली” असं घालू का?’ असं भाची सुकन्यानं पत्रातून विचारलं होतं. काय लिहावं सुचेना, म्हणून उत्तर राहिलं. आज पोस्टात रांगेत माझ्यापुढे पार्सलं घेतलेले नवराबायको होते.

“अवो, मोबाइलवरची जाहिरात काढून टाकली का?”

“टाकली की काढून. सगळेच लिवत्यात तसं.”

“मी म्हनत हुते, नुसती खायची पावडर म्हना. तुमी ‘शुगर बरी हुती’ लिवलं. माळशिरसच्या मावशींनी वाचून इन्सुलिन सोडलं.”

“हळू बोल. फोन आला का?”

“त्यांच्या लेकीचा आला. मावशी अजून डोळं उघडंनात.”

नवरा पार्सलांवरचे पत्ते बघू लागला.

“ह्या पार्सलांत बी त्योच जाहिरातीचा कागद हाय?”

“व्हय.”

“मग चला माघारी.”

मी कार्ड घेतलं. ‘सुकन्या, माझ्या शुगरच्या गोळ्या चालूच आहेत. तसं लिहू नकोस.’ एवढं लिहून पेटीत टाकलं.