मागच्या पानावरची जाहिरात

हॅलो?… हो, मीच. दुसरं कोण उचलणार? टायपिंगवालीसुद्धा येत नाही आता… अगं, करणारच होते तुला फोन…

विसरेन कशी? तुझी नजर गेल्यापासून आपल्या मासिकाचा एक तरी अंक तुला वाचून न दाखवता छापायला दिलाय का?… हो, हो… अगं ऐक ना, छापखान्यातून सारखे फोन येतायत, त्यात…

जेवलीस का?… सून आली कामावरून?… बरं बाई, नाही बदलत विषय.

वाचते. अग्रलेखापासून?… आधी वाचकांची पत्रं? तुझं दरवेळी उलटंच… आलीत ना, दोन आलीत. पण या वेळी मागच्या पानावर पत्रं नाहीयेत.

जाहिरात आहे.

पक्षाची… हो, सत्तेतल्याच. निवडणूक आलीय ना… पूर्ण पान. रंगीत. साहेब हसतायत आणि खाली 'तुमच्यासाठीच'… हॅलो? आहेस ना?

हसतेस काय? मला वाटलं, माझं तोंडसुद्धा बघणार नाहीस… 'तसंही दिसत नाही'? गप्प बस.

अगं, नसती घेतली तर हा शेवटचा अंक ठरला असता. तुला सांगायची लाज वाटली… हो, वर ठळक अक्षरात 'जाहिरात' असं टाकलंय. चौकटसुद्धा आहे… तेच ना, त्यांचं पान त्यांचं, आपलं आपलं. असं म्हणालीस, बरं वाटलं गं. चार दिवस जेवण जात नव्हतं.

थांब हं, मोबाइल वाजतोय… हां दादा. पाच मिनिटं. मशीन धरून ठेवा… माहितेय, तुमचं पुढचं काम खोळंबलंय. पाचच.

हां, बोल… अग्रलेख. ऐक. 'या वर्षी चाळीस शाळांना कुलपं लागली. लहान मुलं दीड तास चालत दुसऱ्या शाळेत जातात. पालकांनी अर्ज केले, उत्तर आलं नाही. ही हेळसांड थांबायला हवी.' झालं.

हो, एवढंच… या वेळी जरा लहान आहे. जागा…

कुठलं पत्र?

हो… अग्रलेखात होतं ते, शाळा बंद करायचं. मंत्र्यांच्या सहीचं… सोमवारी वाचलं होतं तुला, हो. तुझ्या बरं लक्षात राहतं सगळं.

काढलं मी ते.

नाही, त्यांनी नाही सांगितलं… कोणीच नाही. शप्पथ. जाहिरातीचा माणूस आला, पान ठरवलं, पाणी पिऊन गेला. अग्रलेखाचा विषयसुद्धा काढला नाही त्याने. तो जिना उतरला आणि मी लाल पेन घेऊन बसले. माझी मीच.

घाबरले नव्हते… म्हणजे, घाबरलेच. या खोलीत तीन खुर्च्या आहेत आणि बसणारी मी एकटी. दिवसभर कोणाशी बोलत नाही गं मी. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही.

रागाव तरी माझ्यावर…

काय?… नाव? आतल्या पानावरचं?… अगं, पहिल्या अंकापासून संपादक म्हणून दोघींची नावं एका ओळीत आहेत. तुझं काढून मी एकटी काय करू तिथे?… आरडाओरडा कर, पण अशी हळू बोलू नकोस. हळू बोललीस की तुझं ठरलेलं असतं.

परत वाजतोय हा. फोन ठेवू नकोस, तुझ्यासमोरच बोलते… हां दादा. एक बदल आहे. संपादकांच्या नावातलं… नाही. थांबा. नावं तशीच राहू द्या. सातव्या पानावर अग्रलेखाचा आधीचा मजकूर घ्या, सोमवारी पाठवलेला. पत्रासकट… हो, सहीसकट… जाहिरात आहे तिथेच असू द्या. पुढच्या वेळी देणार नाहीत, एवढंच… पुढचा अंक निघेल की नाही, ते बघू मग. लावा मशीन.

ऐकलंस?… अगं, ऐकलंस ना मी काय सांगितलं त्यांना?

हॅलो?…

बरं, रागावली असलीस तर बोलू नकोस. नुसती ऐक. पत्रं वाचायची राहिली. दोन आलीत ना, त्यातलं एक तुझ्या नावाने आहे. वाचते हं…

हॅलो?… आहेस का गं?