विमानातला लाडवांचा डबा

आईचा विमानातला पराक्रम तुम्हाला सांगायचा राहिलाच. ताई बाळंत झाली, म्हणून आम्ही डिंकाचे लाडू घेऊन शिर्डीहून बंगळुरूला निघालो होतो. विमान उडणार, तोच मागच्या सीटवर कुणाची तरी पॉवर बँक पेटली. ती विझवली, पण धूर काही कमी होईना. प्रवाशांना उतरवायचं की नाही, हे पायलट ठरवत होता. आईने पायाशी ठेवलेला डबा मांडीवर घेतला.

शेवटी आवाज आला, "सामान सोडा, उतरा."

आईपुढे माझा आवाज कधी चढला नव्हता. त्या दिवशी ओरडलो, "आई, डबा सोड."

तिने मुकाट्याने सोडला आणि घसरगुंडीवरून माझ्याआधी खाली पोचली.

"लाडू गेले गं," मी म्हणालो.

आईने कमरेला खोचलेला पदर सोडला. ओटीत सगळे लाडू शाबूत.

"पायलट ठरवीत हुता तवर," ती म्हणाली, "मी बी ठरवलं."