सुरी घरात ऱ्हाईल

शाहूपुरीतल्या लॅबमध्ये रक्तातली साखर तपासायला बसले होते. चार सुना धाकात ठेवलेली बाई मी, पण तिथं नंबराशिवाय कुणी विचारत नाही. शेजारच्या खुर्च्यांवर मटणाच्या दुकानाची झुंबरबाई आणि तिचा मुलगा सम्राट. परदेशी नोकरीला जायचं म्हणून त्याची तपासणी होती. कान झाकून बसणाऱ्यातली मी नव्हे.

"काय काम म्हणालास तिथं?"

"आफ्रिकेत हरणांचे कळप लय वाढल्यात, आई. कंपनी त्यातली मारती आन् मटण परदेशात विकती. मी सोलायचं."

"दिसाला किती?"

"साठ-सत्तर."

"आपली रविवारची चार बकरी. त्यातली पहिली कलेजी तू निखाऱ्यावर भाजून खातोस. तिथं कोण दील?"

"तिथलं समदं खोक्यात जातंय."

"मग तुला चव तरी कळंल व्हय?"

"दोनच वर्सं हायत की."

"तुझा मामाबी असंच सांगून दुबईला गेलता. अजून येतोय."

"मामाचं नगं काढू. बाबांची सुरी तेवढी बॅगेत घाल."

"न्हाय."

"माझा हात बसलाय तिच्यावर, आई."

"म्हणूनच. सुरी घरात ऱ्हाईल. ती न्हेलीस तर परत कशाला येशील?"

"गंजंल की."

"रोज दगडावर घासीन. तू ये आन् धारंला बोट लावून बघ."

आतून सम्राटचा नंबर पुकारला. तो उठला, दारापर्यंत गेला आणि माघारी आला.

"दगड नवा घे, आई. जुना झिजलाय."