लिनताईंच्या पंधरा सकाळी

(हवल्ली या आखाती शहरातल्या एका इमारतीत चिनी गाण्यांच्या छोट्या रेडिओ स्टेशनचा स्टुडिओ. सकाळ. तंत्रज्ञ सुधीर मशीनपाशी. कार्यक्रम लावणारी अंतरा बाळाला कडेवर घेऊन उभी.)

सुधीर : मी तेव्हाच म्हटलं होतं, लिनताईंना रोज येऊन बोलू दे. आवाज भरून ठेवलास, तर माणूस कुठे आहे ते कुणाला कळायचं नाही.

अंतरा : आणि मी म्हटलं होतं, तुला पाळणाघर शोधावं लागत नाही म्हणून सुचतं हे.

सुधीर : म्हटलं होतंस खरं.

अंतरा : त्या हसत तयार झाल्या रे. एका दुपारी बसून पंधरा दिवसांचं निवेदन करून टाकलं. म्हणाल्या, तू बाळाकडे बघ.

सुधीर : काल ते संपलं. मशीनने पुन्हा पहिल्यापासून लावलं. श्रोत्याचा मेसेज आलाय, चंद्राचा सण होऊन पंधरवडा झाला, अजून शुभेच्छा कसल्या देताय?

अंतरा : आपल्या दोघांना चिनी येत असतं तर. मी घरी रोज ऐकत होते. वाटायचं, ताई मजेत आहेत.

सुधीर : परवा नवं रेकॉर्डिंग होतं ना?

अंतरा : आल्या नाहीत. फोन बंद. घरी गेले, तर खालचा राखणदार, तो हारीस, म्हणतो, जिना चढवेना म्हणून महिन्यापूर्वीच खोली सोडली.

सुधीर : नवा पत्ता?

अंतरा : पोलिसांत कळवलंय. त्यांच्याकडेही जुनाच निघाला. आपल्या स्टेशनचा मालक चीनच्या विमानात, त्याला विचारताही येत नाही. आणि ताईंना दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं, सुधीर. एकट्या राहतात.

सुधीर : बघ, बाळ स्पीकरकडे मान वळवतंय.

अंतरा : ओळखतं ते त्यांना. बंद कर. माझा माइक चालू कर.

सुधीर : चिनी स्टेशनवर मराठी?

अंतरा : शेजारी कोणीही असेल, कुणाच्या दुकानात रेडिओ चालू असेल. आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी. याला धर.

सुधीर : दे. हं, बोल.

अंतरा : नमस्कार. तुमच्या इमारतीत नुकतीच एक चिनी बाई राहायला आली असेल. पन्नाशीची, डावा पाय जरा ओढत चालते, लिफ्टमध्ये भेटली की बाळांशी बोलते. रेडिओवर रोज आवाज येतो म्हणून ती बरी आहे, असं समजू नका. जरा तिचं दार वाजवून बघता का?